तांबवेकरांचा व

पौषात ग्वाल्हेरला ऊन साडेबाराला येतं
आणि तीनला जातं, चहा न घेता उठणाऱ्या पाहुण्यासारखं.
तेवढ्यात गच्चीवर, गुडघ्यांवर रजई, रजईवर लॅपटॉप,
मी मंडळाची माणसं वेगळी करते.

सहाशे बारा नावं.
कार्यकारिणीचं म्हणणं, सगळ्यांना सगळं पाठवू नका,
लोक कंटाळतात, गट पाडा.
पाठांतर स्पर्धेचं पत्र नव्वदीच्या माणसाला कशाला, असं भागवत म्हणाले.
नव्वदीची माणसंच तेवढी परीक्षक व्हायला तयार असतात,
हे भागवतांना कोण सांगणार.

मी आधी सोपं ते केलं.
लष्कर. मुरार. थाटीपूर.
मग पुण्याला गेलेले. मग त्यांचे इथे राहिलेले आईवडील,
ज्यांची पत्रं पुण्यातच उघडतात.
फक्त संक्रांतीला येणाऱ्या.
फक्त जेवणाला येणारे; ह्या गटाला काय म्हणावं सुचेना,
'स्नेही' लिहिलं.
एका घरात दोन पत्ते, सख्खे भाऊ, मधे भिंत:
त्यांना एका गटात घालू नये, हे कुणी सांगावं लागलं नाही.
एकवीस नावांआधी 'कै.' लावायचं राहून गेलं होतं.
त्यांतले चार अजून पत्र उघडतात.
कोण उघडतं, विचारलं नाही.

तांबवेकर शेवटी आले.
मनोहर तांबवेकर, चिटणीसांची गोठ,
सरकारी छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त.
दर सभेला उभे राहायचे: पत्रक येत नाही.
सहा वर्षं.
आम्ही माना हलवायचो, आणि मागून कुणीतरी हळूच,
ह्यांना आलं तरी येत नाही.
कारण यादी म्हणत होती, येतं.
बहात्तर पाठवली, बहात्तर उघडली.
असा वाचक आमच्याकडे दुसरा नाही.

आज पावतीपुस्तक शेजारी ठेवलं तेव्हा दिसलं.
ते आपला व डब्ल्यूने लिहितात.
मी व्हीने लिहिला होता.

म्हणजे कुणी दुसरेच तांबवेकर,
बेळगावचे असतील, बिलासपूरचे असतील,
सहा वर्षं आमचं वाचताहेत.
पाण्याच्या टाकीचा खर्च त्यांना पैशांसकट ठाऊक.
कुमुदिनी टेंब्यांचा गुडघा, आधी उजवा, मग डावा.
कोजागरीचं दूध नासलं ते साल.
सभागृहाला पंखे कुणी दिले, आणि परत का नेले.
खाली दर वेळी असतं, 'नको असल्यास येथे दाबा'.
त्यांनी दाबलं नाही.
'तो मी नव्हे' असंही कधी लिहिलं नाही.

मी डब्ल्यूवाल्यांना ताजं पत्रक पाठवलं.
खाली गल्लीत भाजीची गाडी येऊन गेली इतक्यात उत्तर आलं:
'मिळाले. अकरा चुका आहेत.'
पुढे अकराही, क्रमांक घालून, पान आणि ओळ देऊन.
नववी माझ्याच आडनावातली वेलांटी.
पत्रक सहा वर्षं आलं नाही, त्याबद्दल एक शब्द नाही.

ऊन जिन्यापर्यंत गेलं.
व्हीवाली ओळ अजून तिथेच आहे.
भागवत म्हणतील, सभासद नाही, पुसा.
खरंच आहे; वर्गणी नाही, पत्ता नाही,
लष्कर नाही, मुरार नाही,
स्नेही म्हणावं तर जेवायलाही आले नाहीत.
'गट' ह्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला,
दारात उभं राहून आत येऊ का विचारणाऱ्यासारखा.

रजई झटकली, गजकाचे तीळ उडाले.
रकाना रिकामाच ठेवला
आणि यादी सेव्ह केली.
सहाशे तेरा.